गायकी नायक, दोन गुपितं आणि नऊ महिने नऊ दिवस : वैदर्भीय प्रेमकादंबरी कशी बांधावी

गुरं राखणारा नायक (विदर्भात त्याला गायकी म्हणतात), त्याच्यात जीव गुंतलेली नायिका आणि दोघांच्या मधे दडवून ठेवलेली एखादी गोष्ट. अमेरिकन काउबॉय प्रेमकादंबरीचा हा साचा विदर्भाच्या मातीत फार चांगला रुजू शकतो. तरी मराठीत तो आणताना लिहिणारे दोन ठिकाणी हमखास घसरतात. काही जण नायकाला घोडा, बूट आणि रुंद काठाची टोपी देऊन टाकतात. काही जण असं गुपित निवडतात की तिसाव्या पानावर एकानं तोंड उघडलं असतं तर तिथेच कादंबरी संपली असती. पहिली चूक आठ दिवस एखाद्या गावात राहून दुरुस्त होते. दुसरी बांधणीतली आहे. ती पक्की होऊन बसली की दोनशे पानं लिहून झाल्यावर सगळं उसवावं लागतं. इथलं बहुतेक सांगणं या दुसऱ्या चुकीबद्दल आहे.

कामाचा नियम एकच धरा. गुपितापेक्षा गप्प राहण्याचं कारण मोठं हवं.

काउबॉयकडून काय घ्यायचं

अमेरिकेतला खराखुरा काउबॉय पगारी माणूस होता. १८६७ मध्ये कॅन्सासमधल्या ॲबिलीनला गुरांसाठी रेल्वेचं ठाणं उभं राहिलं आणि टेक्सासमधून कळप हाकत तिथवर नेण्याचं काम वाढलं. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडननं काटेरी तारेचं पेटंट घेतलं, मोकळी कुरणं तारांनी बंद होत गेली आणि पंधरा-वीस वर्षांत तो काळ सरला. यातलं आपल्याला हवं ते एवढंच : तो दुसऱ्याची गुरं सांभाळत होता. त्याची अब्रू त्याच्या मालकीच्या नसलेल्या जनावरांवर टिकून होती.

आपला गायकी नेमका तोच आहे. गुराखी हा शब्द पुस्तकी वाटतो. वऱ्हाडात आणि नागपूर-वर्ध्याकडे लोक गायकी म्हणतात, कुठे ढोरकीही. सकाळी धारा काढून झाल्या की घराघरातली ढोरं आखरावर जमतात आणि तिथून साठ, ऐंशी, शंभर ढोरं घेऊन तो ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराईच्या, जमिनीकडे किंवा जंगलाच्या कडेला निघतो. दर ढोरामागे महिन्याची चराई ठरलेली असते. दुपारी पाण्याजवळ सावली बघून ढोरं बसवायची, दिवस कलला की परत फिरायचं. त्याच्याकडे काठी असते, खांद्यावर दुपट्टा, पावसाळ्यात घोंगडी किंवा प्लास्टिकचा घोंगता. घोडा नसतो. तो चालतो आणि कळपातल्या प्रत्येक जनावराची चाल त्याला पाठ असते. नायकाचं आकर्षण तिथे शोधा, जाकिटात नको.

नायक गायकीच असावा असं नाही. मेळघाटातल्या चिखलदऱ्याकडचा म्हशी राखणारा गवळी, आर्वी-कारंजा भागात गवळाऊ गाई जपणारा नंद गवळी, शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणारा धुरकरी, किंवा कळप घेऊन फिरणारा काठेवाडी, यांतल्या कोणाचीही कादंबरी होते. मात्र ज्याला निवडाल त्याचं गुपित त्याच्याच धंद्यातून निघालं पाहिजे. धुरकऱ्याचं गुपित पटावर, गवळ्याचं दुधाच्या कॅनमध्ये, काठेवाड्याचं त्याच्या वाटेवरच्या मुक्कामात. शहरातून आणलेलं गुपित, म्हणजे मृत्युपत्र, जुळा भाऊ, दडवलेली इस्टेट, इथे उपऱ्यासारखं दिसतं.

नायक गोवारी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणाऱ्या समाजातल्या, घरातला घेणार असाल तर एक तारीख तुम्हाला ठाऊक असलीच पाहिजे. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधानभवनावर गेलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ गोवारी मरण पावले. त्या समाजातल्या कोणत्याही घरात ही आठवण आहे. तिला कथेचं गुपित करू नका. घरातली म्हातारी त्या दिवसाबद्दल काय बोलते आणि कुठे थांबते, एवढं आलं तरी ते घर खरं होतं. शेतकऱ्याच्या आत्महत्येबाबतही हेच. नायिकेला दुःख हवं म्हणून बाप मारून टाकणं ही विदर्भावर लिहिणाऱ्यांची सगळ्यात वाईट सवय आहे. बाप जिवंत ठेवा. जिवंत बापासमोर नायकाला उभं राहावं लागतं, आणि तो प्रसंग कितीतरी अवघड असतो.

गुपित तयार करणं : एक पूर्ण उदाहरण

नुसते नियम सांगून हे समजत नाही, म्हणून एक कथानक मुळापासून बांधून दाखवत आहोत.

नायक गजानन, गावात गजू, वय चोवीस, वर्धा जिल्ह्याच्या आर्वीकडचा गायकी. नायिका वच्छला, वय सव्वीस, गावच्या श्रेणी-२ च्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नव्यानं आलेली पशुधन पर्यवेक्षक. लोकांच्या तोंडी ती 'ढोराची डॉक्टरीणबाई'. तिचं गाव दुसऱ्या तालुक्यातलं, बापाची शेती कोरडवाहू.

कथा २०२४ मध्ये सुरू होते. त्याच्या दोन वर्षं आधी, २०२२ च्या पेरणीआधी, तिच्या बापानं गवळाऊची चार दाती गोऱ्ह्यांची जोडी गुरांच्या बाजारात विकली. तेव्हा गजू एका दलालाकडे राबत होता. जुन्या रीतीनं सौदा दुपट्ट्याखाली व्हायचा. दोघांचे हात कापडाखाली, एक बोट धरलं की एक, पाची धरली की पाच. तोंडानं फक्त 'हजार' म्हणायचं. बघणाऱ्या शंभर माणसांना आकडा कळत नाही. व्यापाऱ्याच्या हातात गजूचा हात होता आणि त्याला पंच्याहत्तर हजार कळले. दलालानं बापाच्या हातात बासष्ट दाबले. मधले तेरा हजार दलालाचे, त्यातले हजार गजूला मिळाले. दोन्ही आकडे ठाऊक असलेला दलालाखेरीज तो एकटाच.

त्या सप्टेंबरात लम्पी या गुरांच्या रोगामुळे राज्यातले गुरांचे बाजार बंद झाले. व्यापाऱ्याच्या गळ्यात जनावरं पडली, कुटार आणि ढेपेचा खर्च अंगावर आला आणि त्यानं ती जोडी पडेल भावात काढली. गजूनं दलालाची नोकरी सोडली, उधारी केली आणि जोडी घेतली. परत करायचीच होती. केली नाही.

आता कसोटी लावा. वच्छलाला सरळ सांगून मोकळा का होत नाही? लाज वाटते, हे कारण दहा पानं पुरतं. ती रागावेल, हे आणखी वीस. दोनशे पानं पुरणारं कारण असं : गावानं ऐंशी ढोरं त्याच्या हवाली केली आहेत. गायकीचा धंदा म्हणजे निव्वळ भरवसा. यानं बाजारात एका शेतकऱ्याला बुडवलं हे कळलं तर दुसऱ्या सकाळी आखर रिकामं. आणि ती ढोरं हेच त्याचं प्रायश्चित्त आहे अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आहे. बोललं तर प्रेम जाईलच, पण तो आज जो माणूस झाला आहे तोही जाईल. एवढं वजन असलं की वाचक 'सांग ना बाबा' म्हणत नाही, त्याच्यासोबत गप्प बसतो.

पुढची पायरी बहुतेक हस्तलिखितांत राहूनच जाते. गुपिताला रोजचा खर्च हवा. दडवण्यासाठी दर आठवड्याला काहीतरी करावं लागलं पाहिजे, आणि त्या करण्यातून नुकसान व्हायला हवं. इथे तो खर्च आहे कानातला पिवळा बिल्ला. त्यावर बारा आकडी क्रमांक असतो आणि 'भारत पशुधन' ॲपवर तो टाकला की मालकाचं नाव येतं. विक्रीनंतर नोंद बदलली नसेल तर जुन्याच मालकाचं. दवाखान्याच्या पाटीवर नव्या बाईचं आडनाव वाचलं त्या दिवसापासून गजू ती जोडी तिच्या नजरेआड ठेवतो. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा टोचतात. ती टोचायला आखरावर येते त्या सकाळी दोन बैल नाल्यापलीकडे बांधलेले असतात.

मग दिवाळीनंतर रोग येतो आणि अख्ख्या कळपात नेमका त्या लस न टोचलेल्या जोडीतलाच एक बैल पडतो. तोंडातून लाळेच्या तारा, जिभेवर फोड, खुरांच्या बेचक्यात जखम. इथे आजाराचं वर्णन लांबवू नका, पण एक गोष्ट अवश्य घ्या. लाळ्या-खुरकुतातून उठलेल्या काही बैलांना पुढे कायमची धाप लागते, उन्हात तर ते उभे राहूनही लोहाराच्या भात्यासारखे श्वास घेतात. म्हणजे बैल वाचेल, पण कधी पटात धावणार नाही. गुपिताची किंमत मुक्या जनावरानं भरली. कबुली देऊनही ती परत मिळत नाही.

दुसरं गुपित पहिल्याच्या पोटातून काढा

दोघांची दोन वेगळी गुपितं घेतली की कादंबरीचे दोन तुकडे होतात. वच्छला बदलीचा अर्ज लपवते आहे, असं केलं असतं तर त्याचा गजूच्या गोष्टीशी काही संबंध नव्हता. त्यापेक्षा : रात्री बैल पडल्यावर त्याला तिला बोलवावंच लागतं. ती बॅटरीच्या उजेडात तुरटीच्या पाण्यानं बैलाचं तोंड धुते, बोरोग्लिसरीन लावते, नोंदीसाठी बिल्ल्याचा क्रमांक टाकते आणि पडद्यावर स्वतःच्या बापाचं नाव येतं. त्या नावाबद्दल ती काहीच बोलत नाही. मोबाइल खिशात टाकते आणि दुसरा खूर धुवायला घेते.

तिथून तिचं गुपित सुरू होतं : तिला माहीत आहे. आणि ती वाट बघते, हा स्वतःहून सांगतो का. पहिल्या अर्ध्यात वाचकानं त्याचं ओझं वाहिलं, दुसऱ्या अर्ध्यात तिचं वाहायचं. तिच्या गप्प राहण्यालाही कारण द्या. विचारून मिळालेलं खरं आणि न विचारता मिळालेलं खरं यात तिच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. बापाचा विश्वास कोणीतरी गोड बोलूनच मोडला होता. शिवाय नायिकेला निव्वळ दुखावलेली ठेवू नका. दोन-अडीच महिने एखाद्या माणसाची परीक्षा घेत राहणं हाही अन्यायच आहे, आणि शेवटाकडे त्याला त्याचा राग यायलाच हवा. तो राग आला नाही तर तिची बाजू पोकळ वाटते.

कालगणना : गाय हेच घड्याळ

ग्रामीण कादंबरीत काळ सगळ्यात जास्त फसतो. श्रावणात कापूस वेचतात, दिवाळीत आंब्याला मोहोर येतो. यावर साधा उपाय : दुसऱ्या प्रकरणात एक गाय फळवा आणि तिच्यावर पूर्ण कादंबरी टांगा. गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवस, लोकांच्या हिशेबात नऊ महिने नऊ दिवस. म्हैस घेतली तर सुमारे ३१०, दहा महिने दहा दिवस; हा फरक विसरलात तर पहिलाच जाणकार वाचक पुस्तक मिटेल.

आपल्या उदाहरणात गाय गावातल्या एका एकट्या म्हातारीची. १० जून २०२४, मृग नुकता लागलेला. सकाळी गाय माजावर दिसली म्हणून संध्याकाळी वच्छला कृत्रिम रेतन करते (सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा नेहमीचा ठोकताळा). एकवीस दिवसांनी, १ जुलैच्या आसपास, गाय उलटली का, म्हणजे पुन्हा माजावर आली का, हे बघायचं. म्हणजे नायक-नायिकेच्या दुसऱ्या भेटीला आयतं निमित्त. पोळा २ सप्टेंबरला, म्हणजे ८४ वा दिवस. गाभ तपासणी त्याच आठवड्यात. बलिप्रतिपदा २ नोव्हेंबरला, १४५ वा दिवस. त्या दिवशी पूर्व विदर्भात गोवारी ढाल नाचवतात, गाई-ढोरांचा गायगोधन हा सण होतो. तुमच्या गावात ती चाल आहे का हे मात्र आधी विचारून घ्या. त्या दिवशी गावोगावची ढोरं एकत्र येतात, म्हणून आठवडाभरात रोग. संक्रांत २१८ वा दिवस. शंकरपट त्याच्या पुढच्या-मागच्या आठवड्यांत. होळी १३ मार्चला, २७६ वा दिवस, पळस फुललेला, मोह गळायला लागलेला. गाय १७ मार्चच्या आसपास विणार.

अशी एक आडवी पट्टी कागदावर काढून भिंतीला लावा. पट्टीच्या खाली शेत लिहा : जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीन कापणी, त्यानंतर कापसाची वेचणी, मग तूर. भंडारा-गोंदियाकडची कथा असेल तर हे सगळं पुसा आणि धान लिहा. शंकरपट घेताना साल तपासा. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात परत सुरू झाल्या. २०१७ च्या कथेत गावभर जाहीर पट भरवाल तर तो पट बेकायदा असेल, आणि मग त्याचं कथानकच वेगळं होईल.

वाचकाला कधी सांगायचं

पहिल्या प्रेमकादंबरीला ५०,००० ते ५५,००० शब्द पुरेत; तीस प्रकरणं, प्रत्येकी अठराशे शब्दांच्या आसपास. छापील दोनशेच्या वर थोडी पानं होतात.

गुपित वाचकापासून शेवटपर्यंत लपवू नका. रहस्यकथेत ते चालतं. प्रेमकथेत वाचकाला 'काय झालं' यापेक्षा 'हा तिच्या डोळ्यांत बघून आता काय करेल' यात रस असतो, आणि त्यासाठी त्याला आधी माहीत असावं लागतं. तिसऱ्या प्रकरणात खूण द्या : दवाखान्याची पाटी वाचून गजू आल्या पावली परत फिरतो. सातव्यात वाचकाला सगळा सौदा कळू द्या. सोळाव्यात बैल आणि बिल्ला. तेविसाव्यात कबुली. उरलेली सात प्रकरणं निस्तरण्यासाठी ठेवा. नवखा लेखक कबुली एकोणतिसाव्यात टाकतो, तिसाव्यात लग्न लावतो, आणि माफी फुकट वाटल्यासारखी दिसते.

लिहायला बसण्याआधी एक वही करा. प्रत्येक गुपिताला एक पान. वर गुपित एका वाक्यात. खाली : कोणाला माहीत, कोणाला संशय, पुरावा कुठे पडलेला, दडवायला रोज काय करावं लागतं, वाचकाला कुठल्या प्रकरणात कळतं. 'कोणाला माहीत' या ओळीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. खेड्यात पानठेला आहे, चक्की आहे, एसटीचा थांबा आहे. दोन वर्षं एखादी गोष्ट कोणालाच कळली नाही हे कोणी मानणार नाही. एक तर प्रसंग साठ किलोमीटरवरच्या बाजारात घडवा, किंवा त्याहून चांगलं, तीन-चार लोकांना अर्धवट माहीत असू द्या आणि प्रत्येकाला गप्प राहण्यात स्वतःचा लाभ असू द्या. ज्याच्या घरची ढोरं गजूइतकी नीट कोणी राखत नाही तो बोलणार नाही. ज्यानं त्याच दलालाकडून उचल घेतली तोही नाही. गावाचं हे गप्प राहणं लिहिता आलं तर कादंबरी दोघांची राहत नाही, गावाची होते.

दोन प्रसंग जवळून

प्रेम दाखवायला पाऊस आणि चांदणं सगळेच वापरतात. कामाच्या मधली जागा वापरा. रेतनाची कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी, द्रव नायट्रोजनच्या भांड्यात उणे १९६ अंशांवर असते. ती काढून ३७ अंशांच्या कोमट पाण्यात सुमारे तीस सेकंद धरावी लागते. तीस सेकंद दोघांनाही दुसरं काही करता येत नाही. ती घड्याळाकडे बघते, तो गाईचं शेपूट धरून उभा.

"किती वेळ ठेवा लागते थे पाण्यात?"
"तीस सेकंद."
"लय होते."
"मोजून पाहा."

तो मोजतो. अठरावर चुकतो, कारण तिच्या मनगटावरच्या पाण्याकडे बघत असतो. बस, इथे थांबा. 'त्याच्या काळजाचा ठोका चुकला' लिहू नका. आकडा चुकला तेवढं पुरे. जानेवारीत दुसऱ्या एखाद्या गाईसाठी हाच प्रसंग परत आणा. तेव्हा तिला सगळं माहीत आहे आणि त्याला ते माहीत नाही. तेच तीस सेकंद, तेच पाणी, फक्त तो आता बरोबर तीसपर्यंत मोजतो. दोघांच्या मधे काय आलं हे सांगायला एका शब्दाची गरज नाही.

दुसरा प्रसंग कबुलीचा. इथे भाषण नको. गजू तिच्या बापाच्या गावी जातो. ओसरीवर बसतो, पाणी पितो. बोलायला तोंड उघडतं, शब्द येत नाहीत. मग तो स्वतःचा दुपट्टा काढून म्हाताऱ्याच्या हातावर टाकतो आणि कापडाखाली बोटं धरतो. आधी पाच. मग दोन. मग पुन्हा पाच. पाच-दोन सात आणि पाच, म्हणजे पंच्याहत्तर. म्हाताऱ्याला कळायला वेळ लागतो, कारण दोन वर्षांपूर्वी याच कापडाखाली त्याच्या हातात दुसरा आकडा दाबला होता. 'हजार' हा एकच शब्द गजू बोलतो. हे जमायचं असेल तर सहाव्या-सातव्या प्रकरणात बोटांची रीत वाचकाला नीट शिकवून ठेवलेली हवी. तिथे दोन पानं खर्च करा. तेविसाव्यात समजावत बसलात तर प्रसंग मेला.

तो आधी बापाकडे गेला, तिच्याकडे नाही, हा क्रम मुद्दाम आहे. बुडवलं बापाला. प्रेयसीला सांगून बापाला तिच्यामार्फत कळवणं म्हणजे तिलाच दलाल करणं.

हाक मारण्याचा प्रश्न

हा प्रश्न काउबॉयला नसतो, आपल्याला असतो. गावात परक्या तरुणाला बाई 'भाऊ' म्हणते. एकदा 'गजूभाऊ' म्हटलं की पुढे प्रेम लिहिताना पेन अडखळतं, आणि वाचकही अवघडतो. म्हणून वच्छला पहिल्या दिवसापासून नोकरीच्या रीतीनं 'गजानन' म्हणते, आणि 'तुम्ही'. तो 'डॉक्टरीणबाई' म्हणतो. पुढे तो नुसतं 'बाई' म्हणू लागतो. मग बरेच दिवस कोणीच कोणाला हाक मारत नाही. 'ऐकून राहिले का?' एवढ्यावर भागतं. हा टप्पा लांब ठेवा, यात फार गोडी आहे. 'वच्छला' हे नाव त्याच्या तोंडी पहिल्यांदा कधी येतं हे वहीत लिहून ठेवा, आणि त्याआधी चुकूनही येऊ देऊ नका. तिच्या बापाला तो 'काकाजी' म्हणतो.

निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं वऱ्हाडीत, ही वाट सोपी पडते. 'मले, तुले, थो, थे, काऊन, कोठी, करून राह्यलो' अशी वीस-पंचवीस रूपं ठरवा आणि शेवटपर्यंत एकच लेखन ठेवा. वऱ्हाडी आणि झाडीबोली यांची भेसळ करू नका. गडचिरोलीचा माणूस अकोल्यासारखा बोलत नाही. शिकलेली वच्छला कामावर प्रमाण बोलेल, पण बैल पडला त्या रात्री, बापाचं नाव पडद्यावर बघितल्यावर, तिच्या तोंडून घरची बोली निघू द्या. "काऊन आणला नाई लसीले?" एवढ्या चार शब्दांत ती कोण आहे हे त्याला नव्यानं कळतं.

जाणकाराला खटकणाऱ्या गोष्टी

गवळाऊ गाय बादलीभर दूध देत नाही. दिवसाचे दोन-चार लिटर धरा. ती जात चपळ बैलांसाठी नावाजलेली. पांढरी, राखाडी झाक, लांबट तोंड. नागपुरी म्हशीची शिंगं लांब, चपटी, मागे खांद्यापर्यंत गेलेली असतात. त्यांना 'वळलेली छोटी शिंगं' लिहिलं की ती मुऱ्हा झाली. दात बघून वय सांगताना अदंत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला असा क्रम. चार दाती म्हणजे साधारण तीन वर्षांचा. म्हणून २०२२ मध्ये विकलेला गोऱ्हा २०२४ मध्ये जुळलेला, ऐन भरातला बैल होतो. मळणीनंतर उरणाऱ्या कोरड्या चाऱ्याला विदर्भात कुटार म्हणतात, भुसा लिहू नका. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते, बैलाचे खांदे लोण्या-हळदीनं मळून 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या' म्हणतात. गजू ती जोडी लपवून बसलेला असतो; तो हे आवतण त्यांना अंधाऱ्या कोठ्यात, दार लावून देतो. असा रीतीचा तपशील कथेच्या दुखऱ्या जागी टेकवता आला तरच घ्या. पोळ्यावर माहितीचा परिच्छेद लिहायचा मोह आवरा.

शेवटची सात प्रकरणं

सुखाचा शेवट हा या प्रकाराचा करार आहे, तो मोडू नका. पण निस्तरणं मोजून दाखवा. तेरा हजार परत, तेही हप्त्यानं. बैलजोडी परत, त्यातला एक धापेचा. आखरावर गावासमोर सांगणं, आणि दुसऱ्या सकाळी ऐंशीतली बावन्नच ढोरं येणं. आठवड्यानं सत्तावन्न. होळीपर्यंत सहासष्ट. सगळी परत आणू नका. काही घरं तुटतात ती तुटतात. हे आकडे प्रकरणाच्या सुरुवातीला सहज येत गेले की वाचक स्वतःच मोजू लागतो.

आणि त्या म्हातारीनं सगळ्यात आधी आपली गाभण गाय काढून घेतली असू द्या. मार्चच्या त्या रात्री गाय अडते. पाण्याची पिशवी फुटून वेळ झाला, एकच पाय बाहेर. वासराचे पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेलं नाक, असं आलं तर सरळ; एक पाय आत दुमडला असेल तर वासरू थोडं मागे ढकलून तो पाय सरळ करून घ्यावा लागतो. वच्छलाला गाय धरून ठेवणारा माणूस हवा, आणि ती गाय एकाच माणसाच्या हाताला शांत राहते. म्हातारी नातवाला पाठवते. कोणाकडे, ते लिहायची गरज नाही. वासरू उभं राहिल्यावरही दोघांना घरी जाता येत नाही, कारण जार पडायची वाट बघायची असते, आणि त्याला आठ-दहा तासही लागू शकतात. तेवढा वेळ दोघांना एका ओसरीवर बसवा. सत्तर दिवस माहीत असूनही गप्प बसलीस, हे त्यानं इथे विचारायचं. तिनं उत्तर द्यायचं. लांब लिहा, घाई करू नका, हीच कादंबरीची खरी शेवटची भेट.

हस्तलिखित पूर्ण झालं की ढोरांची प्रकरणं एखाद्या गायक्याला मोठ्यानं वाचून दाखवा, दवाखान्याची एखाद्या पशुधन पर्यवेक्षकाला. ते जिथे मधेच थांबवतील तिथे खूण करा. जिथे पुढे काय झालं विचारतील तिथेही. छपाईला देण्याआधी बिल्ल्याचा क्रमांक तपासा. पूर्ण बारा आकडे छापू नका, तो खऱ्या कोणाच्या तरी जनावराचा निघू शकतो. शेवटचे चार पुरेत. वाचक तेवढेच लक्षात ठेवतो.